आवरलेले दिवे

मासा जिन्यावर बसला होता. अंगात जाकीट, जाकिटाला पितळी बटणं, आणि तोंडातून बुडबुडे. बुडबुड्यांतून अक्षरं निघत होती, पण ती कुठल्याच भाषेतली नव्हती. खाली तीन खुणा उमटल्या होत्या. एक वाटोळी, एक वाकडी, आणि एक नुसतीच रेघ. त्यांतली एक निवडायची होती.

"वहिनी, मधली दाबा," नणंद म्हणाली.

"मागच्या वेळी मधलीच दाबली होती. गिळलं त्याने मला."

"मागच्या वेळी त्याचं पोट दुखत असेल."

तिने मधली दाबली. माशाने जांभई द्यावी तसा जबडा उघडला, पडदा काळाठिक्कर झाला, आणि पहिल्या खोलीतल्या पलंगावर ती पुन्हा उठून बसली. ती म्हणजे ती नव्हे. पडद्यावरचा तो इसम. पायघोळ कोटातला, बिनचेहऱ्याचा, मेल्यासारखा पडायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात उठायचा.

"असल्या खेळात यांना काय गवसत होतं कोण जाणे," ती म्हणाली आणि रिमोट मांडीवर ठेवला. त्याला कंट्रोलर म्हणतात हे नणंदेने तिला कितीदा सांगितलं होतं. ती रिमोटच म्हणायची.

"दादाला विचारू घरी आला की," नणंद म्हणाली. पण दादा घरी आला तरी सांगणार कसा, हा प्रश्न दोघींच्याही मनात एकदमच येऊन बसला होता, त्या माशासारखा, जिन्याच्या मधोमध.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. उंच इमारतींच्या पोटात, त्या अंधाऱ्या विहिरीत तो दोराला लटकून उतरायचा आणि नुसत्या कुरकुरीवरून कुठली चाकी झिजली ते ओळखायचा. दोघांची ओळखही लिफ्टमध्येच झाली होती. ती मोठ्या हॉटेलात खोल्या आवरायची. एकदा तिची चादरींनी भरलेली ढकलगाडी आणि ती, दोघी मजल्यांच्या मधे अडकल्या. वरून आवाज आला, "घाबरू नका हो, मी आहे." दाराला फट पडेपर्यंत तिला त्याचा चेहरा दिसलाच नव्हता, नुसता आवाज आला होता. आवाजावरच भाळले मी, असं ती नंतर सगळ्यांना हसत सांगायची.

आता तो आवाजच गेला होता. कामावरच लकवा आला. उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं कुठे हरवलं ते डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं तरी तिच्या डोक्यावरून गेलं. त्याला सगळं कळत होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. दवाखान्यात तो छताकडे बघत पडायचा. ती शेजारच्या बाकावर बसून बोलत राहायची. घरचं बोलून झालं, दारचं बोलून झालं, शेवटी बोलायला काही उरेना. तेव्हा एका दुपारी घरी आल्यावर तिने टीव्हीला जोडलेला त्याचा खेळाचा डबा चालू केला. तोच तो खेळ. ज्याला ती इतकी वर्षं सवत म्हणत आली होती.

"माझ्या सवतीचे लाड झाले असतील तर जेवायला या," असं ती हाक मारायची, आणि तो मान न वळवता "आलो गं, आलो" म्हणायचा. त्याला यायला जेवण गार व्हावं लागे.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात सांगितलं, "अहो, तुमच्या खेळातल्या माशाने मला गिळलं." त्याचे डोळे छतावरून खाली आले. तिच्याकडे वळले. ओठाचा डावा कोपरा जरासा हलला.

तेवढंच. पण तेवढ्यावर तिने कंबर कसली. तो घरी येईपर्यंत हा खेळ पुरा करायचा, आणि त्याच्यापुढे ठेवायचा. लोक फुलं नेतात, फळं नेतात. ती खेळ नेणार होती. नणंदेला तिने कामाला लावलं. नणंद शाळेची बस चालवायची. सकाळची फेरी, दुपारची फेरी, आणि मधल्या वेळात वहिनीच्या सोफ्यावर. शहरातला एकही रस्ता ती चुकली नव्हती. या खेळात मात्र ती पहिल्याच वळणावर चुकली आणि दोष त्या घराला दिला.

घर होतंच तसं. बाहेरून ते कसं दिसतं कोणाला ठाऊक नव्हतं, कारण त्याला बाहेर नव्हतंच. खोलीतून खोली, बोळातून बोळ, आणि सगळ्यांना एकच रंग, ओल्या मातीचा. काही खोल्यांत उजेड होता, काहींत काळोख. काळोखात पाऊल टाकलं की कुठूनतरी कोणीतरी कापड फाडत असल्यासारखा आवाज यायचा, आणि पुन्हा पलंग. सूचना म्हणून कुठे एक अक्षर नाही. होतं ते त्या माशाच्या भाषेत.

पण एक गोष्ट तिच्या नजरेत पहिल्या दिवसापासूनच खुपत होती. पलंगाच्या खोलीत भिंतीशी एक मोठं फडताळ होतं, कप्प्याकप्प्यांचं, आणि ते अख्खं रिकामं होतं. आणि दिवे घरभर पसरलेले. एक जिन्याच्या पायरीवर, एक दाराच्या मधोमध कोणाच्याही पायात येईल असा, एक चक्क न्हाणीच्या टबात.

"बघा तुमच्या दादाचं," ती म्हणाली. "इथेही तेच. मोजा सोफ्यावर, पाना न्हाणीघरात."

"आईने लाडावून ठेवला," नणंद म्हणाली. "मी बसमध्ये एक डबा राहू देत नाही."

हॉटेलात तिला शिकवलेलं होतं आणि तिने पुढे कितीतरी नव्या मुलींना शिकवलं होतं, की पाहुण्याची वस्तू जिथे दिसली तिथे सोडायची नाही. खाली कपाटात नेऊन नीट मांडायची. आणि मजला आवरायचा तो नेहमी लांबच्या खोलीपासून. शेवटच्या खोलीतून सुरुवात करायची आणि एकेक खोली मागे टाकत लिफ्टकडे यायचं. खोली सोडताना दिवा मालवायचा. चादर झटकताना ती मनातल्या मनात काहीबाही जुळवायची, तिच्या आजीला जमायचं तसं.

लांबच्या खोलीपासून, दाराशी मी येते,
गेल्या माणसाची सुरकुती, आल्यासाठी पुसते.

तेच तिने इथे केलं. पहिल्यांदा जवळचा दिवा उचलून पाहिला, तर ती खोली अंधारली आणि पलीकडे जाण्याची सोयच राहिली नाही. मग तिने तो परत ठेवला आणि डोकं चालवलं. उजेडाच्या खोल्यांतून चालत चालत शेवटच्या दिव्यापर्यंत जायचं, तो उचलायचा, खोलीतला उजेड आपोआप मालवला जातो, बरंच आहे, आणि दिवा घेऊन मागे यायचं, फडताळात मांडायचा. मग त्याच्या अलीकडचा. हातात एका वेळी एकच दिवा मावायचा. वाटेत मासा गिळायचा, पायऱ्या सरकायच्या, चुकीचं दार उघडायचं. पडली, उठली, पुन्हा गेली. तिची बोटं दुखायला लागली. कामावर उशीची खोळ चढवताना तिला एकदा वाटलं, आता मागून कापड फाटल्याचा आवाज येणार. आला. खोळच फाटली होती.

आणि एका संध्याकाळी शेवटचा दिवा फडताळात बसला. कुठूनतरी घंटा वाजली. सगळे दिवे एकदम उजळून उठले, कप्प्याकप्प्यांतून, ओळीने, आरशासारखे लखलखीत. नणंदेने बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

"जिंकलो वाटतं, वहिनी!"

"असंच असेल," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. का ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

तो घरी आला. उश्या रचून त्याला पलंगावर टेकून बसवला. पलंग तिने आधीच पडद्यासमोर ओढून ठेवला होता. बोलतीबाईही त्या दिवशी पहिल्यांदाच घरी आली होती. गेलेली वाचा परत आणणं हे तिचं काम. तिचं हे नाव अर्थातच नणंदेने ठेवलेलं. बोलतीबाईकडे चित्रांचे पत्ते होते. किल्ली, कप, झाड, छत्री. ती एकेक पत्ता धरायची आणि वाट बघायची. तिला वाट बघता यायची, हे तिचं खरं शिक्षण. पण लिफ्टवाल्याने पत्त्यांकडे एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे फिरवली.

दाराशी जाताना बोलतीबाई हळू आवाजात म्हणाली, "घाई नाही. पण हे सुरुवातीचे महिने मोलाचे असतात. ज्याने शब्दाला हाक मारली त्याच्याकडे तो येतो. यांनी हाक मारायचंच सोडलंय."

"मारतील हो," ती म्हणाली. "मी काय ठेवलंय त्यांच्यासाठी, तुम्हाला माहीत नाही."

बोलतीबाई जाताच तिने खेळ लावला. फडताळ दिव्यांनी झगमगत होतं. ती बाजूला झाली, लग्नातल्या जेवणात पहिला घास कोणी घेतो का बघत उभं राहावं तशी.

लिफ्टवाल्याने पाहिलं. आधी त्याच्या लक्षात आलं नाही. मग त्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. विहिरीत काही पडावं आणि तळ यायला वेळ लागावा, तसा आवाज. त्याने डावा हात पुढे केला.

"रिमोट हवाय दादाला," नणंद म्हणाली.

त्याने डाव्या अंगठ्याने कोटवाल्या इसमाला फडताळापाशी नेलं. दिवा उचलायचं बटण उजवीकडे होतं. त्याने आपल्या लुळ्या हाताकडे पाहिलं, मग बायकोचा अंगठा धरला आणि त्या बटणावर टेकवला. तिने दाबलं. दिवा हातात आला. तो दारातून पलीकडच्या काळोख्या खोलीत शिरला. पुन्हा तिचा अंगठा दाबला. दिवा जमिनीवर बसला, आणि खोली उजळली. तो इसमाला घेऊन मागे आला, पुन्हा पुढे गेला. खोली उजळलेलीच होती. मग तो तिच्याकडे बघत राहिला.

तिला कळेना. खोलीत दिवा ठेवला तर खोलीत उजेड पडणारच. त्यात काय? तिने नणंदेकडे पाहिलं. नणंदेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"वहिनी," ती म्हणाली, "तो पसारा नव्हता."

"म्हणजे?"

"रस्त्यावरचे दिवे होते ते. दादाने एकेक दिवा नेऊन वाट केली होती. आणि आपण..."

ती खाली बसली. टबातला दिवा, पायरीवरचा दिवा, दाराच्या मधोमध पायात येणारा दिवा. प्रत्येक दिव्यामागे एक दमलेली संध्याकाळ. गार झालेलं जेवण. "आलो गं, आलो." वर्षानुवर्षं तो मरत, उठत, एकेका खोलीने त्या काळोखात आत सरकत गेला होता, आणि तिने शेवटच्या टोकापासून सुरुवात करून, एक दिवा न चुकता, सगळी वाट गुंडाळून कपाटात ठेवून दिली होती. नीट. ओळीने.

"अहो," ती म्हणाली, "मला वाटलं..."

लिफ्टवाल्याने रिमोट सोडून दिला. रिमोट पलंगावरून घसरून खाली पडला. त्याने मान भिंतीकडे वळवली, आणि त्या दिवशी ती परत वळली नाही.

मग आलेले दिवस कसे होते ते तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, माशाच्या पोटातले. बोलतीबाई यायची, पत्ते धरायची, वाट बघायची, जायची. तो भाताचा घास घ्यायचा, औषध घ्यायचा, भिंतीकडे बघायचा. भिंतीवर काही नव्हतं. ती माफी मागून थकली. एकदा तिने भिंतीला पाठ लावून उभं राहूनही पाहिलं, म्हणजे तरी त्याला दिसेल. त्याने डोळे मिटले.

"रागावलाय का खचलाय, तेच कळत नाही," ती नणंदेला स्वयंपाकघरात म्हणाली.

"राग असेल तर बरं," नणंद म्हणाली. "गाडीने धूर सोडला म्हणजे इंजिन चालू आहे."

"आणि खचले असतील तर?"

नणंदेने कप विसळला. आधीच विसळलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून आल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली, त्याच्याकडे पाठ करून. रिमोट घेतला. काही बोलली नाही. फडताळातून दिवा काढला आणि निघाली. जे गुंडाळलं ते पुन्हा अंथरायचं, बस्स. चादर काय, वाट काय.

पण वाट आठवेना. पहिला दिवा त्याने ठेवलेलाच होता. दुसरा तिने आठवणीने ठेवला. तिसऱ्याला जिना आला. जिन्यावर मासा. तिने वाकडी खूण दाबली, कशी कोण जाणे, आणि माशाने पाय बाजूला घेतले. माशाला पाय होते हे तिला तेव्हाच कळलं. वर गेली तर दोन दारं. दोन्ही सारखी, ओल्या मातीच्या रंगाची. टबाची खोली कुठली? ती उजवीकडे गेली. कापड फाटल्याचा आवाज. पलंग.

पुन्हा दिवा. पुन्हा जिना. तीच दारं. आपण मघाशी उजवीकडे गेलो होतो की डावीकडे? ती पुन्हा उजवीकडेच गेली. कापड फाटलं.

मागे त्याचा पलंग कुरकुरला.

तिसऱ्यांदा ती त्या दारांपुढे येऊन उभी राहिली, आणि खरंच, मनापासून, तिला काही म्हणजे काही सुचेना. तिने इसमाला जागच्या जागी गोल फिरवलं. आता तर आपण आलो कुठल्या बाजूने तेही गेलं. ती पुन्हा एका दाराकडे निघाली, आणि मागून पलंगाच्या लाकडावर हात आपटला. धप्प.

ती थांबली. वळली नाही. "काय?"

धप्प.

"अहो, धप्प म्हणजे काय? इकडे का तिकडे? मला नाही कळत. मला तुमचा हा खेळ कधी कळला नाही, आणि आता तुम्ही पण कळत नाही. सांगा तरी!"

मग श्वास ओढल्याचा आवाज, ओझं उचलताना येतो तसा. आणि मग तो आवाज, गंजलेला, एका बाजूला कललेला, पण तोच, वरून येणारा.

"उजवीकडे."

ती वळली. त्याच्या कपाळावर घाम होता. डावा हात उचललेला होता आणि बोट ताठ होतं. बोट डावीकडे होतं.

"उजवीकडे?" ती म्हणाली.

"उजवीकडे," तो वैतागून म्हणाला, आणि बोट डावीकडे हलवलं.

ती बोटाच्या बाजूला गेली. टब होता.

"टब," ती म्हणाली, आणि रडायला लागली, आणि रडता रडता दिवा टबात ठेवला.

बोलतीबाईला जेव्हा हे कळलं, तेव्हा तिने पत्ते पिशवीत टाकले आणि स्वतः खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. शब्द आणि बोट अशी फारकत होते काही काळ, ती म्हणाली. त्याला मनात डावंच म्हणायचं असतं, तोंडात शेजारचा शब्द येतो. हसू नका, दुरुस्तही करू नका. फक्त विचारत राहा.

विचारायला काय, विचारण्यावाचून दुसरं होतंच काय? घरात आता सगळाच सावळागोंधळ होता. तो दाराला दिवा म्हणायचा, दिव्याला कप म्हणायचा, आणि माशाला मात्र पहिल्यापासून बरोबर मासा. बहीण बसली असली की तिला हसत हसत मासा म्हणायचा, तेव्हा चूक झाली की मुद्दाम, ते कोणालाच ठरवता येत नव्हतं.

"मुद्दाम," नणंद म्हणायची. "लहानपणापासूनचा आहे हा."

बोट मानायचं की शब्द, यावर नणंद-भावजयीचं रोज वाजायचं.

"शब्द माना, वहिनी. वळणाचा दिवा लागला की गाडी वळते. आत ड्रायव्हर कुठे बघतोय ते कोणी विचारत नाही."

"तुमच्या बसमध्ये पोरं आहेत वन्सं, नवरा नाही. मी बोट मानणार."

"मग मरा."

"मरते. उठते परत. त्यात काय एवढं?"

आणि बहुतेकदा बोटच बरोबर निघायचं. तिचा एक अंगठा आणि त्याचा एक, असे मिळून ते चालायचे. तो डाव्या हाताने इसमाला चालवायचा, ती दिवा उचलायची, ठेवायची, इसमाची मान वळवून बघायची. कधी तिने भलतीकडेच बघितलं की तो "नाही, नाही, नाही" म्हणायचा. नाही हा शब्द त्याला पक्का आला होता. ती कामावर चादरी अंथरताना आता वेगळंच जुळवत होती.

दिव्यामागं दिवा, खोलीमागं खोली,
बोलत्या माणसाची बोली, कुठल्या दारी गेली.

फडताळ हळूहळू रिकामं होत चाललं. रिकामा कप्पा बघून तिला आता बरं वाटायचं, याचंच तिला नवल वाटे. मेल्यावर, म्हणजे खेळात मेल्यावर, तो चिडायचा नाही हेही तिला आता दिसत होतं. मासा गिळायचा, कापड फाटायचं, आणि पलंगावर उठताना लिफ्टवाल्याच्या ओठाचा तो डावा कोपरा हलायचा. एकदा तिने विचारलं, "इतक्यांदा हरायचं, त्यात काय मिळतं हो तुम्हाला?" त्याने खूप वेळ शब्द शोधला. चेहऱ्यावरून कळत होतं, आत तो खोलीतून खोली हिंडतो आहे. शेवटी म्हणाला, "कप." मग स्वतःच मान हलवून, "नाही." मग खांदा उडवला, एकच उडत होता तो. तिने पुन्हा विचारलं नाही. कप तर कप.

आणि एका संध्याकाळी, नणंद बस लावून नुकतीच आली होती, खिडकीतून अजून उजेड येत होता, आणि हातात फडताळातला शेवटचा दिवा होता. तिने आवरायला सुरुवात केली होती ती जागा आली. लांबची खोली. त्याची वाट जिथे संपली होती ती. इसम मागच्या खोलीच्या उजेडात, उंबऱ्यावर उभा. समोर दोन दारं, दोन्ही काळोखी. दिवा ठेवायचा तर इथेच. इथेच होता. पण त्याने तिला दिवा ठेवू दिला नाही. तो दोन्ही दारांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"कुठे?" तिने विचारलं.

"उजवीकडे," तो म्हणाला. आणि बोट, नेहमीसारखं, डावीकडे.

ती बोटाच्या बाजूला वळणार, तेवढ्यात त्याच्याकडे तिची नजर गेली. तो स्वतःच्या बोटाकडे बघत होता. मग त्याने ओठांना हात लावला, जणू तिथून आत्ता कोण बोललं ते चाचपत होता. त्यालाही कळत नव्हतं. दोघांपैकी खरा कोण, बोट की शब्द, त्यालाच माहीत नव्हतं.

"वन्सं?" ती म्हणाली.

"मला नका विचारू," नणंद म्हणाली. "मी या घरात कधीच वाट काढली नाही."

तिने रिमोटवरचा त्याचा अंगठा पाहिला. तो थांबला होता, तिच्यासाठी. तिला वाटलं, बोट तर त्याला फुकट मिळतं, कधीही उचलतं. शब्द मात्र तो कुठून कुठून ओढून आणतो, घाम गाळून. एकदा तरी त्या शब्दाच्या मागे जावं. वाया का घालवावा?

"चला, उजवीकडे," ती म्हणाली.

त्याने चालवलं. दारातून आत. काळोख, इतका की इसमाचा कोटही दिसेना. कापड फाटल्याचा आवाज सुरू झाला, आणि तिने दिवा खाली ठेवला.

खोली उजळली. लहानशी खोली. खुंटीवर एक जाकीट टांगलेलं, पितळी बटणांचं. खाली एक छोटा पलंग, आणि पलंगावर, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून, मासा झोपलेला. तोंडातून बुडबुडे निघत होते, बारीक, झोपेतले, आणि त्यांत कुठलंच अक्षर नव्हतं. पलीकडे आणखी एक दार होतं. बस्स.

"हे काय?" नणंद म्हणाली. "मग जिन्यावर कोण बसलंय?"

ती नवऱ्याकडे वळली. त्याचे डोळे मोठे झाले होते. ओठाचा डावा कोपरा वर गेला होता, आणि उजवाही, थोडासा, त्याच्या मागून जायला बघत होता. तिने त्याला लिफ्टच्या फटीतून पहिल्यांदा पाहिलं होतं, तेव्हाही त्याचा चेहरा असाच होता. तेल लागलेला आणि नवल वाटलेला.

"अहो, हे काय आहे?" तिने विचारलं. "इथे आला होतात का तुम्ही कधी?"

त्याने तोंड उघडलं. शोधलं. या वेळी फार दूर जावं लागलं नाही.

"अगं," तो म्हणाला. "माहीत नाही."

अगं. तिने ते ऐकलं, आणि मग त्याच्या पुढचंही ऐकलं. आजवरचं त्याचं सगळ्यांत लांब बोलणं, आणि शब्द न शब्द बरोबर.

"काय म्हणालात?"

"माहीत नाही," तो पुन्हा म्हणाला, आणि हसला, आणि हाताने खोली दाखवली, मासा दाखवला, पलीकडचं दार दाखवलं. "माहीत नाही. माहीत नाही."

"बोलतीबाईला फोन लावते," नणंद म्हणाली आणि उठली. मग पुन्हा बसली. "आधी ते दार उघडू की आधी फोन लावू?"

झोपलेल्या माशाच्या पांघरुणाचं एक टोक पलंगाखाली लोंबत होतं. तिचा अंगठा नकळत तिकडे वळला. मग तिने तो मागे घेतला. दिवा खोलीच्या मधोमध होता, कोणाच्याही पायात येईल असा. तिने तो तिथेच राहू दिला.

"दिवे संपले की हो," ती म्हणाली. "आता पुढे कसं जायचं?"

लिफ्टवाल्याने खांदा उडवला, आणि इसमाला त्या काळोख्या दाराकडे चालवू लागला.